रिमॅपनंतर गिअरबॉक्स किती ताकद खातो, ते कसं तपासायचं

तुर्भ्याच्या एमआयडीसीत मी डायनो चालवते, म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र. गाडी रोलरवरून उतरायच्या आत मुलांचा प्रश्न येतो, "ताई, चाकाला एवढे आले, म्हणजे इंजिनला किती?" आणि लगेच मोबाइलवर हिशोब सुरू होतो: मॅन्युअल असेल तर १५ टक्के मिळवा, ऑटोमॅटिक असेल तर २० टक्के. माझं सांगणं आहे, हा हिशोब सोडून द्या. त्यातून गाडीबद्दल काही कळत नाही, उलट गिअरबॉक्सची खरी तक्रार झाकली जाते.

समजा, कागदावर ११० पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) मॅन्युअल गाडी चाकांवर ९४ दाखवते. मधले १६ पीएस गेले कुठे? काही गिअरबॉक्समधलं तेल घुसळण्यात, बेअरिंग आणि ऑइल सीलच्या घर्षणात, टायर रोलरवर दबण्यात. ही तूट वेगाबरोबर वाढते. इंजिन किती जोर लावतंय, याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो. बाकीची तूट गिअरचे दात एकमेकांवर घासण्यात जाते आणि ती जोराबरोबर वाढते. आता रिमॅपनंतर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवल्यावर, चाकांवर १२५ आले असं धरा. तूट आधीच्याच टक्केवारीत धरली तर इंजिन १४६ निघतं. मूळ तुटीपैकी निम्मी स्थिर धरली तर १४३. तीनचा फरक किरकोळ वाटेल, पण त्याच गाडीला मोठा टर्बो लावून चाकांवर २५० काढले तर तोच फरक चौदा-पंधरावर जातो. एवढी ताकद इंजिनात नसतेच, ती कॅल्क्युलेटरवर तयार होते.

म्हणून चाकांवरचा आकडाच धरा, आणि बदलाच्या आधी एक रन करून घ्याच. आधीचा कागद नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडायचा? दोन्ही रन एकाच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, त्याच टायरवर आणि तेवढ्याच हवेवर करा. गाडी बांधायचे पट्टे किती आवळलेत, तेही सारखं हवं, कारण जास्त आवळले की टायर जास्त दबतो आणि रीडिंग पडतं. मधल्या काळात जड अलॉय टाकले असतील तरीही आकडा पडेल. त्याचा दोष गिअरबॉक्सला देऊ नका.

कागदाच्या कोपऱ्यात करेक्शन, म्हणजे हवामानानुसार आकड्यात केलेली दुरुस्ती, काय लिहिलंय, तेही बघा. त्याची दोन मानकं सर्रास दिसतात: एसएई २५ अंश तापमान धरतं, एसटीडी साडेपंधरा अंशांच्या आसपास. तीच गाडी एसटीडीमध्ये साधारण ४ टक्के जास्त दाखवते. एक कागद एकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा असेल तर तुलना झालीच नाही. आमच्याकडे मे महिन्यात शेड भट्टीसारखी तापते आणि दोन रननंतर टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर हाताला चटका देतो. अशा वेळी घाई न करता मोठा पंखा लावून गाडी थंड होऊ द्या.

मॅन्युअलमध्ये रन शक्यतो एकास एकच्या सर्वांत जवळच्या गिअरमध्ये करतात. बऱ्याच गाड्यांत तो चौथा असतो. इथे मुख्य संशय क्लचवर ठेवा. टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, वाढला की जुना क्लच सरकायला लागतो: आरपीएम चढतात, रोलरचा वेग मात्र त्या प्रमाणात चढत नाही. एकाच गिअरमध्ये या दोघांचं गुणोत्तर शेवटपर्यंत बदलता कामा नये. ऑपरेटरकडून दोन्ही रेषा एकाच आलेखावर मागून घ्या. शेवटाला त्या फाकल्या, तर आधी क्लच बदला आणि मगच पुढचं ट्यूनिंग करा.

"ऑटोमॅटिक" म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतो. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारा, आतून मॅन्युअलच असतो, त्यामुळे आत मुरणारी ताकदही तेवढीच. शिफ्टमधला थांबा जाणवतो, पण तो वेळ आहे, तूट नव्हे. दोन क्लच आळीपाळीने वापरणारा ड्युअल क्लचवालाही मॅन्युअलच्या बराच जवळ असतो, त्यातही तेलात न बुडणाऱ्या ड्राय क्लचचा. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरऐवजी पट्टा असतो आणि तो घट्ट पकडून ठेवायला हायड्रॉलिक दाब सतत लागतो, म्हणून तिथे ताकद जास्त जाते. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद तेलातून पुढे देतो; तिथे पंपाचा भार असतो आणि लॉक-अप, म्हणजे कन्व्हर्टरला थेट जोडणारा क्लच, लागलेला नसेल तर तेलात घसरणही होते. नव्या आठ गिअरवाल्या खोक्यांत लॉक-अप लवकर लागतो, त्यामुळे वीस टक्क्यांचा जुना ठोकताळा तिथे लागू पडत नाही.

कन्व्हर्टरवाल्या गाडीचा रन मॅन्युअल मोडमध्ये, गिअर धरून आणि लॉक-अप लागल्यावर सुरू करा. स्कॅनरवर लॉक-अपची स्थिती दिसते. पॅडल तळाच्या टकटकीपर्यंत दाबलं तर कित्येक गाड्या मॅन्युअल मोडमध्येही किकडाउन करतात, म्हणजे आपोआप खालचा गिअर घेतात, आणि रन वाया जातो, त्यामुळे त्याच्या किंचित आधी थांबा. सुरुवातीच्या आरपीएमला टॉर्कचा मोठा उंचवटा दिसला तर खूश होऊ नका. घसरत असताना कन्व्हर्टर टॉर्क वाढवून देतो, ती इंजिनची कमाई नव्हे.

काही डायनो रन संपल्यावर रोलर मोकळे फिरू देऊन तूट मोजतात आणि इंजिनची ताकद छापतात. ऑटोमॅटिकला हे न्यूट्रलमध्ये करावं लागतं, आणि तेव्हा कन्व्हर्टरची भाराखालची घसरण मोजलीच जात नाही. मॅन्युअललाही क्लच दाबलेला असताना दातांवर भार नसतो. तो छापील आकडा अंदाज म्हणून ठेवा.

रिमॅपनंतर ऑटोमॅटिकमध्ये ज्याला लोक "लॉस" म्हणतात, तो बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने लावलेला लगाम असतो. फोक्सवॅगन समूहाच्या सात गिअरच्या डीक्यू२०० या ड्युअल क्लच (डीएसजी) खोक्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. म्हणून २०१६च्या स्कोडा सुपर्ब १.८ टीएसआयला, १८० पीएसचं इंजिन तेच असूनही, मॅन्युअलमध्ये ३२० न्यूटन मीटर आणि डीएसजीमध्ये २५० मिळत. तुम्ही फक्त इंजिनचा रिमॅप केलात तर गिअरबॉक्स जास्तीचा टॉर्क नाकारतो, थ्रॉटल मिटतो आणि आलेख मध्येच सपाट होतो. स्कॅनरने नोंदवलेल्या लॉगमध्ये मागितलेला टॉर्क आणि मिळालेला टॉर्क शेजारी ठेवा, थ्रॉटल कुठे मिटला ते दिसेल. ट्यूनरला पहिल्याच भेटीत विचारा, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअरही बदलणार का, आणि त्याची मर्यादा कितीवर ठेवणार? मर्यादा काढूनच टाकतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. त्याची किंमत गिअरबॉक्समधले क्लच पॅक भरतात.

हे सगळं डायनोवरच करा. पाम बीच रोड किंवा घोडबंदर रोड ही चाचणीची जागा नाही, तिथे लोक रस्ता ओलांडत असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. काम करायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

रिमॅप झाल्यावर ऑटोमॅटिकचं एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, लवकर बदला, कंपनीने "लाइफटाइम" लिहिलं असलं तरी. ठाणे-बेलापूर रोडवर संध्याकाळी रांगेत सरकताना कन्व्हर्टर सतत घसरतो आणि तेल तिथेच तापतं. स्कॅनरवर एटीएफचं तापमान बघत जा. ते १२० अंशांच्या वर जायला लागलं तर पुढचा खर्च आधी कूलरवर करा.