ग्रामसभेत ठराव मांडायचा असेल तर

गोव्यात सर्वसाधारण ग्रामसभा वर्षातून चार वेळा होते: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर, रविवारी. तिथं बोलायला पंच असावं लागत नाही, पक्षाचं सभासदत्व तर नाहीच. पंचायत क्षेत्राच्या मतदारयादीत नाव असलं की झालं. तेव्हा आधी यादी पाहा. नाव नसेल तर फॉर्म 6, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8. लग्न होऊन गावात आलेल्या बायकांचं नाव अनेकदा माहेरच्याच यादीत राहून जातं. ऐन सभेत ‘तुमचं मत इथं आहे काय?’ असं विचारून त्यांना खाली बसवायला कोणीतरी टपलेला असतोच.

सगळ्यात जास्त वेळ मजकुरावर घालवा. ‘गावातील डोंगरकापणी थांबवावी’ हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि तिथंच संपतो, कारण कोणी, कुठं, कधीपर्यंत काय करायचं हे त्यात नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘सर्व्हे क्र. 112/4 मधील डोंगरकापणीची पंचायतीने पंधरा दिवसांत पाहणी करावी. नगर नियोजन खात्याकडे परवान्याची प्रत मागावी. परवाना नसल्यास खात्याकडे लेखी तक्रार करावी. आणि केलेल्या कारवाईचा अहवाल पुढील ग्रामसभेत ठेवावा.’ सर्व्हे नंबर उपविभागासह हवा. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) काढून जोडलात तर ‘जागा नक्की कुठली?’ हा प्रश्नच उरत नाही.

एका ठरावात एकच विषय घ्या. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात फुलाची खूण म्हणजे गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानांची खूण म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश, एवढंच होतं. निकाल 34,021 मतांच्या फरकानं लागला. त्यावर आजही वाद घालणारे भेटतात, पण प्रश्न काय होता यावर वाद नाही. कचरा, पाणी आणि डोंगर एकाच ठरावात कोंबले की ‘कचऱ्याला पाठिंबा, डोंगराला नाही’ म्हणणाऱ्याला पळवाट मिळते.

अर्ज सरपंचांच्या नावे, दोन प्रतींत. ग्रामसभेच्या सूचनेत शेवटची तारीख दिली असेल तर ती पाळा, नसली तरी आठवडाभर आधी द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय पंचायतीची पायरी उतरू नका. 1987 च्या राजभाषा कायद्यानं सरकारी कामात मराठीलाही जागा दिली आहे, तेव्हा अर्ज खुशाल मराठीत करा. अडचण वेगळीच आहे. सभेत आपण कोकणीत बोलतो, अर्ज मराठीत असतो आणि इतिवृत्त बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत. या प्रवासात ‘विरोध केला’चं ‘चर्चा झाली’ होऊन जातं. म्हणून ठरावाचा इंग्रजी मजकूरही आपणच जोडावा आणि ‘हेच शब्द नोंदवा’ असं सभेत उभं राहून सांगावं.

आता पक्षांचं. पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तरी कोण कोणाचा हे प्रत्येक वाड्याला ठाऊक असतं. सरपंच पंचांमधून निवडला जातो; सात पंचांत चार ज्याच्याकडे त्याचा सरपंच. एक पंच फुटला की अविश्वास ठराव. अशा तंग गणितात तुमच्या ठरावावर ‘विरोधकांचा’ असा शिक्का बसला की तो चांगला असूनही पडतो. म्हणून सूचक एका गटाचा आणि अनुमोदक दुसऱ्या गटाचा निवडा, शक्यतो वेगळ्या वाड्यांवरचे. सभेला दोन-चार दिवस असताना सत्ताधारी पंचांनाही मजकूर दाखवा. अचानक समोर आलेल्या कागदाला माणूस आधी ‘नाही’ म्हणतो. पक्षाचा झेंडा, उपरणं, आमदाराचा फोटो असलेलं पत्रक यातलं काहीही सभागृहात नको.

सभेच्या दिवशी हजेरीवहीत सह्या झाल्यात ना बघा. भाषण दोन मिनिटांचं ठेवा, मग लगेच हात वर करून मतदान मागा आणि बाजूनं किती, विरोधात किती हे आकडे नोंदवायला लावा. गोंधळ माजला तर ओरडणाऱ्याशी ओरडू नका. गोंधळात सभा गुंडाळली गेली तर फायदा त्याचाच.

ठराव मंजूर झाला म्हणजे काम झालं नव्हे. तो पंचायतीच्या पंधरवड्याच्या बैठकीत आला का, पत्र गेलं का, जावक क्रमांक काय, हे विचारत राहावं लागतं. पक्षांची गरज आता लागते. ठरावाची प्रत आमदाराला द्या, विरोधी पक्षाच्या आमदारालाही द्या. पर्वरीत विधानसभेचं अधिवेशन असताना खात्याला लेखी प्रश्न गेला की हललेली फाईल दिसते. सत्तेतल्यांकडून निधी आणि विरोधकांकडून प्रश्न, दोन्ही मागायला लाजू नये.

इतिवृत्ताची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क 10 रुपये. पंचायतीत माहिती अधिकारी म्हणजे सचिवच. ‘ठरावाचं काय झालं?’ असं विचारू नका, उत्तर गोलमाल येतं. ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची आणि त्यावरून पाठवलेल्या पत्रांची प्रमाणित प्रत’ मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत गटविकास अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, आणि त्याला इनवर्ड नंबर असलेली ती जुनी प्रत जोडा.