कस्टमर ‘बॉलपार्क’ मागतो तेव्हा

न्हावाशेवा बंदर १९८९मध्ये सुरू झालं आणि त्याच्या मागोमाग वाशी, सानपाडा, बेलापूर भागात फ्रेट फॉरवर्डरांची, म्हणजे निर्यातदारांचा माल परदेशी पोचवायची व्यवस्था करणाऱ्यांची, ऑफिसं थाटली गेली. अशा ऑफिसात प्रायसिंगला किंवा कस्टमर सर्व्हिसला नवीन लागलात की एक शब्द लगेच कानावर पडायला लागतो. फोन कानाला तसाच ठेवून साहेब म्हणतात, “ह्यूस्टनला चाळीस फुटी कंटेनरचा बॉलपार्क दे रे पटकन.”

बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतलं बेसबॉलचं मैदान. आकडा नेमका नसला तरी मैदानाच्या हद्दीत आहे, हे सांगायला तिकडे ‘बॉलपार्क फिगर’ म्हणतात. म्हणजे आपला ढोबळ आकडा. तुर्भ्याचा एक्स्पोर्टर “अंदाजे बोल ना” म्हणतो तेव्हा त्याला हेच हवं असतं. इथवर कुठलाही शब्दकोश सांगेल. ढोबळ म्हणजे किती ढोबळ, हे मात्र कामावरच कळतं.

आधी हे बघा की तो आकडा मागतोय कशाला. बऱ्याचदा ऑर्डर त्याच्या हातात आलेली नसते. परदेशी खरेदीदाराला सीआयएफ भाव द्यायचा असतो, म्हणजे जहाजभाडं आणि विमा धरून, आणि खरेदीदार उत्तराची वाट बघत असतो. व्यवहार एफओबी असेल तर जहाजभाडं समोरचाच भरणार. मग आपल्या माणसाला माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च लागतो. म्हणून पहिला प्रश्न, एफओबी की सीआयएफ? हे न विचारता आकडा काढायला बसणारी मुलं मी दर बॅचला बघते.

नवी मुलं दोन टोकं गाठतात. एक जण प्रत्येक शिपिंग लाइनला मेल टाकून दोन दिवस उत्तराची वाट बघतो, तोवर कस्टमरने दुसरीकडून आकडा घेतलेला असतो. दुसरा पाच मिनिटांत ‘२,३४७ डॉलर’ असं लिहून मोकळा होतो. शेवटचा सात वाचून कुणालाही वाटणार की हे हिशोब करून काढलंय, म्हणजे कोटेशनच आहे. समजा तुमचा अंदाज तेवढाच आहे, तर ‘२,२०० ते २,६००’ लिहा. पट्टा दिला की ढोबळपणा आपोआप दिसतो. पण ‘१,५०० ते ४,०००’ लिहिलंत तर त्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

पट्टा किती रुंद ठेवायचा? क्रिकेटची खेळपट्टी कुठेही २२ यार्डांचीच, सीमारेषा मात्र मैदानागणिक पुढेमागे. आपल्या खर्चाचंही तसंच. बंदरातली टर्मिनल हँडलिंग, बीएल (जहाजाची माल-पावती) फी, कस्टम्स क्लिअरन्स, कारखान्यातून बंदरापर्यंतचा ट्रेलर हे साधारण ठरलेलं असतं, तिथे अंदाज जवळजवळ अचूक येतो. खरा हलतो तो समुद्राचा भाव. डिसेंबर २०२३पासून हल्ल्यांमुळे जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालायला लागली, तेव्हा युरोपचे जुने आकडे बघता बघता रद्दी झाले. म्हणून मेलमध्ये तारीख घाला आणि ‘इंडिकेटिव्ह, सब्जेक्ट टू रेट ॲट द टाइम ऑफ बुकिंग’ ही ओळ कधी गाळू नका.

ढोबळ आकड्यालाही थोडी पक्की माहिती लागतेच: वीस फुटी की चाळीस, वजन, बंदरापर्यंत की थेट दारापर्यंत, माल धोकादायक वर्गातला आहे का. सुट्या मालात, म्हणजे एलसीएलमध्ये, घनमीटर आणि टन यांत जे जास्त भरेल त्यावर भाडं. विमानाने जाणार असेल तर खोक्याचं माप हवंच. ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचं खोकं घ्या. गुणाकार करून सहा हजारांनी भागा, २० किलो येतात. आत आठ किलोचेच टी-शर्ट असले तरी भाडं वीसवर लागणार. दहा खोकी म्हणजे दोनशे किलो. कस्टमरच्या डोक्यात मात्र ऐंशी असतात! अंदाज देतानाच हे सांगून टाका, नाहीतर बिलाच्या वेळी भांडण ठरलेलं.

काही ठिकाणी हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदात, चालत नाही, इनव्हॉइसमध्ये नाही, आणि व्हीजीएममध्ये तर मुळीच नाही. भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, म्हणजेच व्हीजीएम, जहाजावर चढवण्याआधी कळवणं १ जुलै २०१६पासून जगभर सक्तीचं आहे. जहाजावर कुठला डबा खाली आणि कुठला वर हे त्यावरून ठरतं. “बॉलपार्क टाक रे” असं कुणी व्हीजीएमबद्दल म्हणालं, मग तो कितीही सीनियर असो, तर वजनकाट्याची पावती मागा.

आणि उलट दिशेने येतो तो प्रकार. अमेरिकन एजंट लिहितो, ‘युअर नंबर इज नॉट इन द सेम बॉलपार्क’. नवखा हे वाचून घाबरतो किंवा लगेच पन्नास डॉलर कमी करतो. दोन्ही नको. दोन आकड्यांत थोडाथोडका नाही, भलताच फरक आहे, एवढंच तो सांगतोय. अशा वेळी बहुतेकदा दोघांनी वेगळ्याच गोष्टी मोजलेल्या असतात: एकाने दारापर्यंत, दुसऱ्याने बंदरापर्यंत. आधी ते जुळवून बघा. तरीही फरक उरला तर सरळ टार्गेट रेट विचारा आणि तो घेऊन शिपिंग लाइनच्या सेल्सवाल्याला फोन लावा.