पाण्याखाली देवमाशांचे फोटो: या चुका टाळा

दक्षिण प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाच्या वावाऊ बेटांभोवती जुलै ते ऑक्टोबर हंपबॅक देवमासे पिल्लं घालायला येतात. परवानाधारक मार्गदर्शकासोबत एका वेळी फक्त ४ जण पाण्यात उतरू शकतात, तेही स्नॉर्कल (श्वासाची नळी) लावून. स्कूबाला, म्हणजे हवेची टाकी घेऊन बुडी मारायला, मनाई आहे. फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा घाईमुळे.

देवमाशाच्या मागे पोहणं. रमतगमत निघालेला देवमासाही तुम्हाला सहज मागे टाकतो, आणि फोटोत येते फक्त शेपटी. फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) आपटल्या की फेसही उठतो. त्यापेक्षा पृष्ठभागावर आडवं, शांत तरंगत राहा. आई खाली विसावलेली असली तरी पिल्लाला दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर यावंच लागतं. कधीकधी ते स्वतःच कुतूहलाने जवळ येतं. तेव्हा मागे सरका; पिल्लाला आपल्या ताकदीचा अंदाज नसतो आणि आईचा बाजूचा पर ४-५ मीटर लांब असतो.

चुकीची लेन्स. फोटो धुरकट येतो तो मधल्या पाण्यामुळे. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, डोम पोर्टमागे (लेन्ससमोरच्या घुमटाकार काचेमागे), १४ मीटरचा देवमासा आडवा मावायला ३५ मिमी लेन्सला जवळपास तेवढंच अंतर लागतं. १६ मिमीला ६ मीटरच्या आसपास. निम्म्याहून जास्त पाणी वाचलं! एडिटिंगमधला धुरकटपणा घालवणारा डीहेझ स्लायडर एवढं काम करत नाही.

फ्लॅश नेणं. त्याचा प्रकाश दोनेक मीटरपलीकडे फारसा पोचत नाही, उजळतात ते पाण्यातले कण. होडीतच ठेवा. सूर्य पाठीशी घ्या.

सगळं ऑटोवर सोडणं. शटर १/३२०, एफ/८, आयएसओ ऑटो, कमाल १६०० आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ हवा त्याची सेटिंग) −०.७, नाहीतर पोटाचा पांढरा भाग जळतो. नुसत्या निळ्यात फोकस भटकतो. पांढऱ्या-काळ्या कडेवर धरा.

हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी) होडीवर उघडणं. आत शिरलेली दमट हवा थंड पाण्यात डोमवर धुकं धरते. बॅटरी-कार्ड आदल्या रात्री एसी खोलीत भरा, सिलिका जेल टाका, ओ-रिंगवर (पेटी घट्ट बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यावर) केस नाही ना ते पाहा. एक केसही पाणी आत घ्यायला पुरतो. पाण्यात उतरताच डोमवरून हात फिरवा, चिकटलेले बुडबुडे जातील.

शूटिंग रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) करा. तरीही काही मीटर पाण्यातून आलेल्या प्रकाशात लाल रंग जवळजवळ उरत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ओढून त्वचा जांभळी दिसू लागली, की सरळ कृष्णधवल करून टाका.