फुटबॉल मॅनेजर: स्काउटचे तारे वाचून खेळाडू कसा घ्यावा

फुटबॉल मॅनेजर या संगणकावरच्या खेळात तुम्ही क्लब चालवता आणि खेळाडू विकत घेता; स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारा माणूस, त्यांना पाचपैकी तारे देतो. एखाद्या खेळाडूच्या नावापुढे साडेचार तारे दिसले की हात लगेच बोली लावायला जातो. त्याआधी तीन गोष्टी तपासा: हे तारे कोणी दिले, कोणाशी तुलना करून दिले, आणि देणाऱ्याची स्वतःची खात्री किती आहे.

खेळाच्या पोटात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे दडलेले असतात. एक त्याची आजची क्षमता, दुसरा तो जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतो ते. दोन्ही २०० पैकी मोजले जातात आणि दोन्ही तुम्हाला पडद्यावर दिसत नाहीत. स्काउट त्यांचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज तुमच्या सध्याच्या संघाशी ताडून ताऱ्यांत मांडतो, आजच्या क्षमतेचे तारे वेगळे आणि भविष्यातले वेगळे. म्हणून तारे हे खेळाडूचं पक्कं माप नव्हे. खालच्या विभागात ४ तारे मिळवणारा स्ट्रायकर, क्लबला बढती मिळून चांगले खेळाडू दाखल झाले की अडीच ताऱ्यांवर येतो. त्याचा खेळ मात्र तसूभरही घटलेला नसतो. हेच उलटंही होतं. संघ कमकुवत असेल तर सामान्य खेळाडूही झळकतो. तेव्हा त्या जागेवर आज खेळणाऱ्या तुमच्या माणसाला किती तारे आहेत ते आधी बघा. तुमचा लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) अडीचचा असेल आणि समोरचा तीनचा, तर अर्ध्या ताऱ्यासाठी मोठी रक्कम मोजण्यात अर्थ नाही.

आता तारे देणारा माणूस. स्काउटच्या प्रोफाइलमध्ये आजची क्षमता जोखण्याचं आणि भविष्यातली क्षमता जोखण्याचं असे दोन वेगळे गुण असतात, दोन्ही २० पैकी. आजच्या क्षमतेत १७ आणि भविष्याच्या बाबतीत ९ असलेला स्काउट तयार खेळाडू शोधायला उत्तम, पण १७ वर्षांच्या पोराबद्दल त्याने दिलेले पाच तारे भरवशाचे नाहीत. मोठ्या क्लबला दोन्हींत १५ च्या पुढचे स्काउट हवेत; लहान क्लबला १२-१३ वाले मिळाले तरी चालवून घ्यावं लागतं. स्काउटला त्या देशाची माहिती किती आहे तेही बघा, कारण ओळखीच्या देशात त्याचं काम लवकर उरकतं. महागड्या खेळाडूसाठी दोन वेगळ्या स्काउटांना पाठवा. दोघांच्या मतात एका ताऱ्याहून जास्त फरक पडला तर ज्याचा संबंधित गुण वरचा, त्याचं ऐका.

भरीव ताऱ्यांच्या पुढे अंधुक तारे दिसतात, ते बहुतेक जण मिळालेलेच समजून मोजतात. ३ भरीव आणि २ अंधुक याचा अर्थ ‘कमीत कमी तीन, फार तर पाच’ एवढाच. किंमत ठरवताना तीनच धरा. खेळाडूबद्दलची माहिती पूर्ण होईपर्यंत स्काउटला त्याच्या मागे ठेवा; तसतसे अंधुक तारे कमी होतात आणि ‘११-१५’ असे दिसणारे अ‍ॅट्रिब्यूट (वेग, क्रॉसिंग अशा एकेका गुणाचे २० पैकी आकडे) एका आकड्यावर येतात. क्लब नसलेल्या खेळाडूला ट्रायलवर, म्हणजे काही दिवस चाचणीसाठी, बोलवा. स्काउटिंगचं बजेट तुटपुंजं असेल तेव्हा माहिती भरून काढायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

यानंतर तारे बाजूला ठेवून अ‍ॅट्रिब्यूट वाचा. इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यावा. एकूण क्षमतेत कोणत्या अ‍ॅट्रिब्यूटला किती वजन हे जागेनुसार ठरतं, तुमच्या डावपेचांनुसार नाही. कमजोर पाय सुधारलेला असेल तर तोही त्या क्षमतेतला वाटा खातो. म्हणून सारख्याच ताऱ्यांचे दोन खेळाडू मैदानावर अगदी वेगळे निघतात. समजा, तुमचा बचाव आपल्या गोलपासून बराच पुढे उभा राहून खेळतो. मग साडेतीन ताऱ्यांचा पण पेस (वेग) ९ असलेला सेंटर बॅक (मधला बचावपटू) तुमच्या कामाचा नाही. प्रत्येक लांब पासवर तो मागे पडेल. तीन ताऱ्यांचा, पेस १४ आणि अँटिसिपेशन (पुढे काय होणार ते ओळखणं) १४ असलेला घ्या. प्रत्येक रोलसाठी (मैदानावरच्या भूमिकेसाठी) चार-पाच अत्यावश्यक अ‍ॅट्रिब्यूट आणि त्यांची किमान पातळी आधीच लिहून ठेवा. पुढं सरकून खेळणाऱ्या फुलबॅकसाठी क्रॉसिंग, स्टॅमिना, वर्क रेट, अ‍ॅक्सेलरेशन आणि पोझिशनिंग. यातलं एकही किमान पातळीच्या खाली असेल तर तारे कितीही असोत, नाव यादीतून काढा.

अहवालातल्या जमेच्या आणि उण्या बाजू एकेक करून वाचा, कारण लपलेले गुण तिथेच डोकावतात. कामगिरीत सातत्य नाही, मोठ्या सामन्यात दबतो, वारंवार जखमी होतो, नव्या देशात रुळायला वेळ लागतो: यातलं काहीही ताऱ्यांत उतरत नाही. जखमांची शेरेबाजी दिसली तर जुन्या दुखापतींची नोंद उघडा. एकाच स्नायूची दुखापत तीनदा झालेली असेल तर थांबा.

तरुण खेळाडूंच्या बाबतीत वरची मर्यादा म्हणजे हमी नव्हे. तिथवर पोचायला सामन्यांत खेळायला मिळणं, चांगले कोच आणि सुविधा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खेळाडूचा स्वभाव लागतो. व्यावसायिक वृत्तीचा, साडेतीन ताऱ्यांची मर्यादा असलेला मुलगा पाच ताऱ्यांच्या आळशी मुलाच्या पुढे निघून जातो. वय २३-२४ झालं आणि आजचे व उद्याचे तारे यांत दोनचं अंतर अजून असेल, तर आजच्याच ताऱ्यांची किंमत द्या. आणखी एक: काही तरुणांची मर्यादा नवा गेम सुरू होताना ठरावीक पट्ट्यातून यदृच्छेने निवडली जाते. दुसऱ्याच्या सेव्हमध्ये (जतन केलेल्या गेममध्ये) जगज्जेता ठरलेला पोरगा तुमच्याकडे साधाच निघू शकतो, तेव्हा इतरांच्या याद्यांवर विसंबू नका.

बोलीच्या आधी एजंटकडून पगाराचा अंदाज घ्या. पगार तुमच्या संघातल्या सर्वाधिक पगाराच्या वर जात असेल तर बाकीचेही वाढ मागायला येतात. इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूचं वर्क परमिट मिळेल का तेही अहवालात पाहून घ्या. खात्री कमी असेल तिथे सुरुवातीची रक्कम लहान ठेवून उरलेली सामन्यांच्या संख्येवर बांधा, किंवा पुढे विकत घेण्याच्या पर्यायासह लोनवर (ठरावीक काळासाठी उसना) आणा.

करार झाल्यावर तारे अचानक अर्धा-एकने खाली आले तर घाबरू नका. आता स्काउटऐवजी तुमच्या कोचचं मत दिसतंय, आणि त्याची पारख वेगळी असू शकते. पहिल्या दहा सामन्यांतलं सरासरी रेटिंग बघा, मग त्या स्काउटच्या पुढच्या अहवालाला किती वजन द्यायचं ते ठरवा.