वारा, शीड आणि टिलर: होडी वळवण्याआधी

वाऱ्याला नाव मिळतं ते तो जिथून येतो त्या दिशेचं. पाण्याच्या प्रवाहाची दिशा मात्र तो जिकडे जातो तिच्यावरून सांगतात. शिडाच्या होडीवर सगळा हिशेब वाऱ्यापासून सुरू होतो.

डावं-उजवं नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून ठरवायचं: डावी पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. वारा उजवीकडून येत असेल तर होडी स्टारबोर्ड टॅकवर, मग ती कुठेही निघालेली असो. दोन शिडाच्या होड्यांची टक्कर होईलसं वाटलं, तर पोर्ट टॅकवालीने वाट द्यायची. टॅक एकच असेल तर वाऱ्याकडच्या होडीने.

थेट वाऱ्यात नाळ धरून होडी पुढे जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांपर्यंत शीड नुसतं फडफडतं. त्या हद्दीच्या काठाने, शीड घट्ट ओढून जाणं म्हणजे क्लोज हॉल्ड. वारा ९० अंशांवर आडवा असेल तर बीम रीच, तिरका मागून ब्रॉड रीच, थेट पाठीमागून रन. शिकायला बीम रीचच बरा.

शिडाची दोरी, म्हणजे शीट, सोडत जा. डोलकाठीजवळची कड थरथरू लागली की थरथर थांबेपर्यंतच ओढा. नवखे हमखास जास्त ओढतात. होडी कलते, वेग मरतो, आणि शीड दिसतं छान ताठ, म्हणून चूक लक्षातच येत नाही.

सुकाणूचा दांडा, म्हणजे टिलर, शिडाकडे ढकलला की नाळ वाऱ्याकडे वळते. शिडापासून दूर ओढला की वाऱ्यापासून लांब.

टॅक मारायला, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूला घ्यायला, आधी वेग हवा. सोबत्यांना सावध करा आणि टिलर शिडाकडे सलग ढकला. झटका दिलात तर सुकाणू आडवं होऊन वेगच खातं. बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, डोक्यावरून जाताना वाका, बाजू बदला, सुमारे ९० अंश वळल्यावर टिलर मध्यावर आणा. वेग अपुरा पडला तर होडी वाऱ्यात अडकून मागे सरकते. तेव्हा बूम आणि टिलर एकाच बाजूला ढकलून धरा. नाळ पुरेशी वळली की टिलर सरळ करून शीट ओढा.

जाइबमध्ये वारा पाठीमागून शिडाची बाजू बदलतो, आणि डोकी फुटतात ती इथेच. रनवर पुढचं शीड लुळं पडलं तर टिलर लगेच थोडा शिडाकडे ढकला. मुद्दाम जाइब करायचा तर आधी शीट ओढून बूम मध्याजवळ आणा, हळू वळा, बूम पलीकडे जाताच शीट सोडा. वारा जोराचा असेल तर टॅक मारून मोठा वळसा घेतलेला बरा.