शेजारच्या भाड्याच्या फ्लॅटमधील रात्रीचा आवाज कसा थांबला : माझा अनुभव

पुण्यातील आमच्या सोसायटीत भिंतीला भिंत लागून असलेला फ्लॅट मालकाने चार तरुणांना भाड्याने दिला आणि रात्री अकरानंतर स्पीकरचा ठोका आमच्या निजायच्या खोलीत जाणवू लागला. दारात जाऊन केलेली विनंती दोन दिवस टिकली. ११२ क्रमांकावर फोन केल्यावर पोलीस आले, तेवढी एकच रात्र शांत गेली. तीन महिने झोपेचे खोबरे झाले.

उपयोग झाला तो असा. प्रथम मी पंधरा दिवस वहीत तारीख आणि आवाज सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ लिहिली. मोबाइलवरील डेसिबल मापकावर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून खोलीतील ध्वनिमुद्रणही जपले. त्यानंतर सोसायटीच्या सचिवांना लेखी अर्ज दिला, मात्र तो भाडेकरूंविरुद्ध नव्हे, तर मालकाविरुद्ध, कारण सोसायटीचा सभासद तोच असतो आणि उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, त्याला बांधतात. (आधीचे माझे तोंडी निरोप नेमके इथेच वाया गेले होते.) अर्जात ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील निवासी क्षेत्राची मर्यादा, म्हणजे दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल, नमूद केली, वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आणि पोच घेतली. समितीची नोटीस मिळताच मालकाने लिव्ह अँड लायसन्स करारातील उपद्रवाचे कलम भाडेकरूंना दाखवले. आठवडाभरात स्पीकर सामाईक भिंतीपासून हलला आणि आता तो दहा वाजता बंद होतो.