हत्यारांची नोंदवही संगणकावर नेताय? या चुका टाळा

पहिली चूक एक्सेल उघडताक्षणीच होते. एकच शीट घ्यायची, त्यात हत्याराचं नाव, खरेदीची तारीख आणि पुढे ‘सर्व्हिस 1’, ‘सर्व्हिस 2’, ‘सर्व्हिस 3’ असे रकाने पाडायचे. आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडसाठी मीही हेच केलं होतं. वर्षभरात कॉम्प्रेसरच्या ओळीत अकरा रकाने भरले, पाइप पान्याच्या ओळीत एकही नाही. ‘गेल्या महिन्यात कुठल्या ग्राइंडरचे कार्बन बदलले?’ एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर निघेना, कारण ती तारीख अकरापैकी कुठल्याही रकान्यात असू शकत होती.

टेबलं दोन करा. ‘हत्यारं’ या टेबलात एका हत्याराला एकच ओळ. ‘देखभाल’ या टेबलात झालेल्या प्रत्येक कामाला एक ओळ: हत्याराचा क्रमांक, तारीख, काय केलं, कोणी केलं, खर्च किती. कॉम्प्रेसरसारख्या यंत्राला टाकीतलं पाणी रोज काढायचं, ऑइल चाललेल्या तासांवर बदलायचं, बेल्टचा ताण अधूनमधून बघायचा, अशी निरनिराळी कामं असतात. त्यांच्यासाठी ‘वेळापत्रक’ हे तिसरं टेबल घ्या. कामाचं अंतर कंपनीच्या पुस्तिकेतून घ्यायचं, शेजारच्या शेडवाल्याच्या सांगण्यावरून नाही. तासांवर होणाऱ्या कामासाठी मीटरचं वाचनही नोंदवावं लागतं, नुसत्या तारखेवर भागत नाही.

ही टेबलं एकमेकांना जोडायची ती हत्याराच्या क्रमांकाने, नावाने नव्हे. शेडमध्ये चार इंची ग्राइंडर पाच असतील, तर ‘ग्राइंडर’ लिहून काय कळणार? आणि क्रमांकात माहिती कोंबू नका. ‘शेड 2-ग्रा-03’ हे हत्यार उद्या शेड 1 मध्ये गेलं की क्रमांकच खोटा ठरतो. साधा 017 पुरे, पण रकाना टेक्स्टचा हवा, नाहीतर पुढचं शून्य गळतं. भंगारात गेलेल्याचा क्रमांक नव्याला देऊ नका, नाहीतर जुन्याचा इतिहास नव्याच्या नावावर चढतो. कागदी स्टिकर तेल-कूलंटने आठवड्यात सुटतो, म्हणून क्रमांक कोरून घ्या. मायक्रोमीटरवर मात्र पंच-हातोडी चालवू नका, तिथे डबीवर क्रमांक घातला तरी चालतो.

तीन सूत की तीन ऑगस्ट?

हा घोळ वर्कशॉपवाल्यांच्याच वाट्याला येतो. मापाच्या रकान्यात 3/8 लिहिलं, म्हणजे तीन सुती सॉकेट (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). एक्सेलने त्याची 3 ऑगस्ट केली. चार सूत, म्हणजे 1/2, लिहिलं की 1 फेब्रुवारी. 10-11 चा पाना थेट 10 नोव्हेंबरला. नंतर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, तिथे पाच आकडी संख्या दिसते आणि मूळ माप गेलेलंच असतं. म्हणून एकही माप भरण्याआधी तो पूर्ण रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

तारखांचं याच्या उलट. त्या खऱ्या तारखाच हव्यात. गूगल शीट्सचं लोकॅल, म्हणजे देशाची सेटिंग, अमेरिकेचं राहिलं असेल तर 05/06 ही 6 मे होते आणि 25/06/2025 ही तारीख न होता नुसता मजकूर उरतो. ओळखायची सोपी खूण: रकान्याची मांडणी तुम्ही बदललेली नसेल तर डावीकडे चिकटलेली ‘तारीख’ हा मजकूर असतो, उजवीकडची खरी तारीख. सेटिंग्जमध्ये जाऊन लोकॅल भारत करा.

‘पुढची सर्व्हिस’ हाताने लिहू नका. शेवटची तारीख अधिक अंतर, एवढं गणित सूत्राला करू द्या. हाताने लिहिलेली तारीख काम झाल्यावर कोणी बदलत नाही, आमच्याकडे तर एक ड्रिल मशीन आठ महिने ‘उद्या’वरच अडकलेलं होतं.

दिसतं एकच, शोधून सापडत नाही

मराठीत नोंदी करणाऱ्यांसाठी हे खास. ‘ॲलन की’ आणि ‘अॅलन की’ डोळ्यांना सारखेच दिसतात. पण पहिला ‘ॲ’ हे 2008 साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या प्रमाणित यादीत, आलेलं स्वतंत्र अक्षर आहे, दुसरा ‘अ’वर चंद्र देऊन बनलेला. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. एकाने मोबाइलवर भरलं, दुसऱ्याने ऑफिसच्या पीसीवर, की शोधात अर्धीच हत्यारं येतात. ‘ड्रिल’ आणि ‘ड्रील’ यांचं तेच. प्रकारासाठी ड्रॉपडाउन यादी ठेवा. मात्र एक्सेलमध्ये बाहेरून पेस्ट केलेला मजकूर त्या यादीला न जुमानता आत शिरतो, हे ध्यानात असू द्या.

एसक्यूलाइट वापरत असाल तर

एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस. टेबलं जोडली तरी तो फॉरेन की, म्हणजे एका टेबलातला क्रमांक दुसऱ्यात खरंच आहे का, हे तपासत नाही. ती तपासणी मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला नव्याने चालू करावी लागते. न केल्यास अस्तित्वात नसलेल्या हत्याराचीही सर्व्हिसिंग आनंदाने नोंदली जाते. दुसरं, त्याचा ‘आज’ जागतिक वेळेचा (यूटीसी) असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्रपाळीत पहाटे साडेपाचच्या आधी केलेली नोंद आदल्या दिवशी पडते. तारखेच्या फंक्शनला ‘लोकलटाइम’ हा शब्द जोडला की प्रश्न मिटतो. तारखा 2025-06-05 अशा, वर्ष आधी ठेवून लिहा, म्हणजे क्रम आपोआप बरोबर लागतो.

दोनशे हत्यारं भरायला बसण्याआधी दहाच भरा आणि तीन प्रश्न विचारून बघा: या आठवड्यात कशाची सर्व्हिस आहे? 017 वर आजवर किती खर्च झाला? मोठा टॉर्क रेंच आत्ता कोणाकडे आहे? तिसऱ्याला आमच्याकडे उत्तरच नव्हतं. नेल्याची तारीख, नेणारा आणि परतीची तारीख असं चौथं टेबल तेव्हा घालावं लागलं, आणि रेंच मिस्त्रींच्या स्कूटरच्या डिकीत निघाला.